बिनपाटीचं झाड

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. मी, धाकटी, तिचं सातव्या महिन्यातलं पोट आणि माझी दाबणी. सामान उतरवणाऱ्याने दाबणी उलटसुलट करून विचारलं की हा पलंगाचा तुकडा असेल तर बाकीचा पलंग कुठे आहे. धाकटी हसून हसून पायरीवर बसली. दोन लाकडी जाळ्या, मध्ये टीपकागदांची चवड, बाहेरून दोन पट्टे. पट्टे आवळले की आतली पानं सपाट होऊन सुकतात. माझा सगळा संसार एवढाच, असं धाकटीने त्या बिचाऱ्याला समजावून सांगितलं.

जागा फार छान आहे. पूर्वी हे छातीच्या रोग्यांचं इस्पितळ होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, आता आवाराची सार्वजनिक बाग करायचं ठरलंय. आवारातल्या प्रत्येक झाडाची ओळख पटवायची आणि बुंध्यावर नावाची पाटी लावायची, हे माझं काम. झाडं ओळखायचे कुणी पैसे देतं यावर मेव्हण्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. ते जहाजावर असतात, बाळंतपण आटोपल्यावरच उगवतील. आई गेल्यापासून धाकटीचं माहेर म्हणजे मीच, म्हणून तिला बरोबर घेऊन आले.

आम्हाला औषधं वाटायच्या जुन्या खोल्या मिळाल्यात. भिंतीत लहानशी खिडकी आहे, तिच्यातून पूर्वी बाटल्या देत. धाकटीने तिच्यातून मला चहा दिला आणि दिवसातून तीनदा, जेवणानंतर घ्यायला सांगितला. समोर मावशी राहतात. इस्पितळात परिचारिका होत्या, इस्पितळ गेलं आणि त्या राहिल्या. बाकी वस्ती थोडकी आहे: व्यवस्थापक, त्यांची बायको आणि छोटी मुलगी, एक माळी, आणि फाटकावरचा पहारेकरी, ज्याला तो बुटका असल्यामुळे सगळे लांबू म्हणतात.

व्यवस्थापकांनी बजावून सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशी पाटी नसलेलं एकही झाड दिसता कामा नये. मी म्हटलं, दिसणार नाही. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आपलं रोजनिशीपुरतं.

५ फेब्रुवारी

काम झपाट्याने चाललंय. निलगिरी, गुलमोहर, सुरू ही मंडळी दुरूनच नमस्कार करतात, त्यांच्या पाट्या लागल्या. जे ओळखू येत नाही त्याला प्रश्न विचारायचे. पानं समोरासमोर की एकाआड एक? कडा सरळ की दातेरी? तोडल्यावर चीक येतो का? चुरडल्यावर वास? एकेका उत्तरागणिक परकी झाडं गळत जातात आणि शेवटी एकच नाव उरतं. ज्याची पानं बोलत नाहीत त्याच्या कळ्या बोलतात. फुलांच्या नव्हेत, पानांच्या. प्रत्येक पानाच्या बगलेत, देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे, पुढच्या पानांची कळी मिटून बसलेली असते. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा.

आज धोबीघरामागे एक झाड भेटलं आणि त्या पहिल्याच धड्याची दांडी उडाली. बुंधा राखाडी, गुळगुळीत, उंची जेमतेम माझ्याएवढी. एवढ्या जाड बुंध्याला पानं मात्र मोजकीच, मोठ्या ताटात चमचाभर भाजी वाढावी तशी. प्रत्येक पान आपापल्या डहाळीवर वेगळं. एक बुटकं आणि राठ, एक रुंद, एक अगदी इवलंसं कोवळं, एक जून होऊन सुरकुतलेलं. एकाच झाडाची पानं लहानमोठी असतात, पण शिरांची नक्षी तरी सारखी हवी. इथे प्रत्येकाची निराळी. आणि एकाही पानाच्या बगलेत कळी नाही. भिंग लावून पाहिलं. सगळ्या बगला रिकाम्या.

इतकी कमी पानं बघून तोडायला जीव होईना. म्हणून एका पानाचं, त्या बुटक्या राठ पानाचं, टोक फांदीवरच चिमटीत धरून चुरडलं आणि हुंगलं. वास काहीच नाही. माळ्याला विचारलं. तो म्हणाला की हे झाड ना वाढतं ना मरतं, म्हणून तो त्याच्या वाटेला जात नाही. एकूण त्याचं सगळ्याच झाडांबाबत हे धोरण दिसतं.

अगदी खाली, बुडाशी, एक कोवळी डहाळी फुटताना दिसली. तिच्यावर लक्ष ठेवायचं.

७ फेब्रुवारी

परवा वाईट झालं. मी धोबीघरामागे होते तेव्हाच लोखंडी फाटक रुळावरून घसरलं आणि लांबूचा हात त्याखाली सापडला. दोन बोटांची पेरं चुरडली. व्यवस्थापकांनी स्वतः त्याला डॉक्टरांकडे नेलं. आज तो हाताला पट्टी बांधून फाटकावर बसला होता आणि मी विचारपूस केली तर मलाच धीर देत होता. भला माणूस आहे.

आता आनंदाची गोष्ट. बुडाची डहाळी उमलली. तिला पानं दोन, अगदी समोरासमोर. या झाडावर जोडपान असं हे एकच. एक थोडं थोराड, एक नाजूक. आणि नाजूक पानाच्या बगलेत कळी! टपोरी, मऊ लवीची, दोन खवल्यांत गच्च मिटलेली. अख्ख्या झाडावर एकुलती एक. मी तिथेच गुडघे टेकून बसले.

मला वाटतं हे झाड अजून कुणीच नोंदलेलं नाही. तसं निघालं तर नाव सुचवायचा मान माझा. धाकटी म्हणाली की बाळाचं नाव दे. मी म्हटलं, आधी बाळाला तर मिळू दे. मग आम्ही दोघींनी बाळाला झाडांची लांबलचक शास्त्रीय नावं लावून पाहिली. मावशी ऐकत होत्या, त्या म्हणाल्या की असलं नाव ठेवलंत तर पोर शाळेत मार खाईल.

९ फेब्रुवारी

जोडपानाची डहाळी कापली. हुरहूर वाटली, पण ओळख पटवायची तर पान आणि कळी एकाच डहाळीवर हवीत, आणि तशी डहाळी हीच. पांढरा चीक बराच वेळ गळत राहिला.

घरी आले तर निराळंच. धाकटी नळापाशी घेरी येऊन पडता पडता राहिली. मावशी जवळ होत्या म्हणून निभावलं. पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं वाटलं, म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके उत्तम आहेत, विश्रांती घ्या म्हणाले. मलाही वाटेत पायात गोळे आले होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. एका घरात एकीनेच कौतुक करून घ्यावं.

डहाळी टीपकागदात नीट पसरली, पानं उलगडली, पट्टे आवळले.

१२ फेब्रुवारी

रोज टीपकागद बदलते आणि पट्टा एक घर पुढे घेते. नमुना सुंदर सुकतोय.

धाकटीला सारखी तहान लागते. तांब्यावर तांबे रिचवते तरी ओठांची सालं निघतात. छातीवर कुणी पाट ठेवून बसल्यासारखं वाटतं, म्हणते. सकाळी जास्त. मी म्हटलं, तो पाट नाही, तुझं लेकरू आहे, आत्तापासून डोक्यावर बसायला शिकतंय. ती हसली, पण हसताना धाप लागली. माझाही घसा कोरडा असतो. इथली हवाच कोरडी असावी.

१६ फेब्रुवारी

नमुना आज सरांकडे रवाना केला. सर म्हणजे माझे गुरू, मोठ्या वनस्पती-संग्रहालयाचे प्रमुख. जोडपान मधोमध चिरून दोन भाग केले. आमच्यात रीत अशी की चांगला भाग वरच्या संग्रहालयाला द्यायचा आणि डावा आपल्याकडे ठेवायचा. म्हणून कळीचं नाजूक पान सरांना गेलं, थोराड माझ्या दाबणीत राहिलं. सरांना फोन केला तर ते लहान मुलासारखे हरखले.

पार्सलची गाडी गेल्यापासून धाकटीला गरगरतंय. पडून राहिलं तरी गाडीत बसून हादरे खाल्ल्यासारखं वाटतं, म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं.

१९ फेब्रुवारी

व्यवस्थापकांची तडकाफडकी बदली झाली. आज ते बायकोमुलीला घेऊन गेले. छोटीने जाताना धाकटीच्या पोटावर हात ठेवून बाळाला टाटा केलं. आता आवार ओकंबोकं वाटतं.

दुपारी धोबीघरामागे गेले. झाडाखाली तीन पानं गळून पडली होती. दोन मोठी आणि ते इवलंसं कोवळं. कोवळं पान सहसा गळत नाही. नोंद करून ठेवली.

२२ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

नवे व्यवस्थापक काल आले. बरोबर त्यांची म्हातारी आई. आज झाडाकडे गेले तर दोन नवी पानं होती. एक रुंद. दुसरं जन्मतःच सुरकुतलेलं.

मी बराच वेळ बघत उभी राहिले. मग ते बुटकं राठ पान शोधलं, ज्याचं टोक मी चुरडलं होतं. टोक काळं पडून गळून गेलंय. फाटकावर गेले. लांबूची पट्टी निघाली होती. दोन बोटांची वरची पेरं नाहीत. तो म्हणाला, बाई, एवढं काय बघता, दुखत नाही आता.

मी पळत घरी आले, दाबणी उघडली, माझं ते थोराड पान काढून भांड्यातल्या पाण्यात सोडलं. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गेले कितीतरी दिवस कोरडा पडलेला घसा ओला झाला.

म्हणजे ते मी. तर दुसरं ती.

बगलेतली कळी घेऊन जे पान मी स्वतः बांधून पाठवलं, ती.

धाकटी आतून विचारत होती, काय सांडलं. मी म्हटलं, काही नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळीच सरांना फोन. पार्सल तीन दिवसांपूर्वीच मिळालंय. आज पहाटेपासून धाकटी कडू कडू ओकत होती, आणि सर खुशीत सांगत होते की आज पहाटेच येऊन नमुना विषाच्या द्रावणातून काढला, आता शंभर वर्षं कीड लागायची नाही. मी सांगितलं, सर, पुढे काही करू नका. ते म्हणाले, का गं? काय सांगणार? सांगितलं. सगळं खरं सांगितलं. ते मग फार मायेने म्हणाले की बहिणीच्या काळजीने तू दमली आहेस, नीट झोप घे. कागदावर चिकटवायचं काम त्यांनी साहाय्यकाला दिलंच होतं.

तिकडे जायला गाडीने दोन दिवस लागतात. धाकटीला अशा अवस्थेत टाकून जाऊ कशी? आणि नेऊ कशी?

मेव्हण्यांच्या जहाजाला निरोप लागत नाही.

२४ फेब्रुवारी

तिला पाठ उचलता येत नाही. मी आणि मावशींनी दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं. गादीला डिंक लावल्यासारखी. ओरडली, म्हणून सोडून दिलं. डॉक्टर येऊन गेले, मणक्याचं काहीतरी असेल, आठवड्याने फोटो काढू म्हणाले.

दुपारी मनगटावर, मग घोट्यावर लालसर वळ उठले. बारीक, दोऱ्याच्या जाडीचे. मावशी म्हणाल्या, पुरळ असेल, तेल लावू. डिंकाने चिकटवल्यावर देठाला दोऱ्याचे टाके घालतात. मी स्वतः शेकडो घातलेत. हात किती हलका आहे माझा, म्हणायचे सर.

दुपारीच झाडाकडे गेले होते. माझं पान जुन्या खुंटाला लावून माती आणि फडक्याने बांधलं, माळी कलम बांधतो तसं. धरेल की नाही कोण जाणे. तिच्या बाजूला बांधायला माझ्याकडे काहीच नाही.

झाडाचे पाय धरले. खरंच धरले. झाडाला काय त्याचं.

२५ फेब्रुवारी

सरांशी खोटं बोलले. म्हटलं, माझी चूक झाली, बागेतलं साधं लावलेलं झाड आहे, नमुना फेकण्याच्या लायकीचा, परत पाठवा, मीच फेकते. ते हसले. म्हणाले, तू चुकत नाहीस गं. आणि नमुन्याला क्रमांक पडलाय. क्रमांक पडला की कागद संग्रहालयाबाहेर जात नाही.

हा नियम मीच त्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला लावायची.

साहाय्यकाला फोन केला. रडले. म्हटलं, कुठेतरी लपवून ठेव, हवं तर हरवला म्हण. तो चपापला. म्हणाला, ताई, तो कागद सरांनी स्वतःच्या टेबलावर ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. नव्या जातीची खात्री झालीय त्यांना. आता फक्त—

फक्त कळी राहिलीय. आतली पानं कशी दुमडली आहेत ते बघितल्याशिवाय नाव देता येत नाही. उद्या सकाळी चिरणार आहेत. उभी. पात्याने.

पुन्हा सरांना लावला. उचलत नाहीत. पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

धाकटीने विचारलं, ताई, माझं काय होतंय, तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, काही होत नाही, होईल सगळं नीट. तिने माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. बाळ आत मजेत पाय मारत होतं.

२६ फेब्रुवारी

सकाळ. मावशी पाणी तापवतायत. डॉक्टरांना पुन्हा बोलावलंय. नवे व्यवस्थापक गाडी घेऊन उभे आहेत, कुठे न्यायचं ते सांगा म्हणतात. कुठे न्यायचं?

सर उचलत नाहीत. संग्रहालय उघडलं असेल.

लिहीत राहते. लिहायचं थांबले तर ओरडेन, आणि तिला कळेल.

ती म्हणते खिडकी लाव. उजेड फार आहे. खिडकी बंदच आहे.

म्हणते, डोळ्यांवर नाही गं. पोटात. पोटात उजेड पडलाय. ऊबही लागतेय. बाळ सारखं तोंड फिरवतंय—

भिंगाखालचा दिवा. तो आधी लावतात. मग—

फोन वाजला. सर. उचलला. सर, सर, ऐका— ते बोलतच राहिले. म्हणाले, तुझ्याशिवाय करणं बरोबर नाही, मान तुझा, तू फोनवर असतानाच—

सर नको सर नको म्हणतेय मी. ऐकू येत नाहीय त्यांना. टेबलावर ठेवला असेल फोन. दोन्ही हात लागतात ना या कामाला. त्यांचा श्वास ऐकू येतोय. श्वास रोखलाय त्यांनी. मीच म्हणायची, पातं टेकवताना श्वास रोखावा—

धाकटीने माझं मनगट धरलंय. धड लिहिता येत नाही. ती घाबरलेली नाही. नवल वाटल्यासारखी बघतेय.

"ताई, आत काहीतरी गार लागतंय. इथे. बारीक, एका रेघेत—"